चांद्याच्या कपाळावरचा दगडी शंख

बसंतीबाईचा जेठ, म्हणजे थोरला दीर, हाच तांड्याचा नायक, देवसिंग. आणि तांड्याची रीत अशी, की बाईनं जेठासमोर तोंडावरचा पदर सरकू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं तर मुळीच नाही. पण बसंतीबाईला बोलल्यावाचून घास उतरायचा नाही! मग ती आपल्या बैलाशी बोलायची.

"चांद्या, सांग बरं त्यायले, माह्या घरून नेलेला वखर कोणाच्या वावरात जिरला?"

जेठ ऐकायचा, चांद्या शेपूट हलवायचा आणि संध्याकाळी वखर परत यायचा.

दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यातली माणसं तोवर शेतीत रुळली होती. पण त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरलेले. त्या फिरतीतली एक वस्तू बसंतीबाईच्या घरी उरली होती : बैलाची कपाळपट्टी. लाल कापड, त्यावर कवड्यांच्या रांगा, आणि मधोमध दोऱ्याच्या जाळीत घट्ट बसवलेला एक दगडी शंख. सासूनं मरताना ती पट्टी तिच्या हातात दिली. "कवड्यायचं तोंड बाहीर, याचं तोंड आत. असाच राहू दे," एवढंच म्हणाली. पुढं नवरा रामसिंगही गेला. मग वावर कोणी वाहायचं, कपाशी कुठं न्यायची, सारं देवसिंगच ठरवू लागला. पट्टी तेवढी तिची राहिली.

बासष्ट सालची गोष्ट. पुंडलिकराव म्हणून एक गृहस्थ, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, दगड धुंडाळत तांड्यात आले. खुंटीवरची पट्टी पाहून असे हरखले, की हातातला चहा निवून गेला. देवसिंगला चेव आला.

"घेऊन जा नं साहेब! पोळ्याले या, साऱ्या तांड्यासमोर देतो. नायकाची जबान हाय!"

विचारलं कोणाला? कोणालाच नाही.

आणि बढाईच्या भरात नायकाच्या ध्यानातून आपल्याच घरची रीत सुटली. त्यांच्यात पोळ्याला एकदा बैल सजला, की पोळा फुटेपर्यंत, म्हणजे तोरण तोडून बैल सुटेपर्यंत, त्याच्या अंगावरचा धागा तोडत नाहीत. बसंतीबाईनं पोळ्याच्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत चांद्याला धुतलं, शिंगं रंगवली आणि पट्टी बांधली. देवसिंग उठून पाहतो, तर बैल नवरदेव होऊन उभा!

पुंडलिकराव भिंग आणि फूटपट्टी घेऊन आले. म्हणाले, "हरकत नाही, बैलावरच पाहतो." आणि बोलत बोलत लिहू लागले.

"आकार शंकूचा. वर रुंद, खाली निमुळता. शेंडा बुटका, त्याला पायऱ्या पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या काठावर बारीक गाठी. काही गाठी झिजलेल्या."

"चांद्या, सांग त्यायले, माह्या सासूचा हात फिरू फिरू झिजल्या त्या."

"खांदा गोलसर. अंग सरळ उतरतं, फुगीर नाही. बुडाकडं दोऱ्यासारख्या आडव्या रेघा." त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं, तोच चांद्या फुर्रर्र करून त्यांच्या तोंडावरच फुरफुरला.

"साहेब, मुका घेता का काय बैलाचा?" म्हातारा हिरासिंग ओरडला. सारा तांडा हसला.

पुंडलिकरावही हसले, चष्मा पुसला आणि एकदम थबकले. "अरे वा! ठिपक्यांच्या रांगा! रंग उडाला, पण खूण राहिली. बाई, हा समुद्रातला जीव. लाखो वर्षांपूर्वी दगड झाला. इकडचा नव्हे, कच्छाकडून आला असावा."

पदराआडचा चेहरा खुलला. तोवर तिला वाटायचं, शंख नुसता म्हातारा आहे.

"आता तोंड तेवढं राहिलं," पुंडलिकराव म्हणाले. "फट अरुंद आहे की रुंद, त्यावरून जात ठरेल. टाके उसवावे लागतील."

"चांद्या, सांग, पोळा फुटल्याबिगर धागा तुटत नाही."

"तं फुटल्यावर उसव!" देवसिंग गरजला.

"सांग, मंगही नाही."

देवसिंग लालबुंद झाला. "चार लोकायत नायकाची जबान गेली तं राह्यलं काय?" त्यानं कमरेची सुरी काढली आणि चांद्याच्या कपाळाकडं हात नेला.

बसंतीबाई मधे शिरली. पदर मागं सारला. तिचं तोंड साऱ्या तांड्यानं पाहिलं, आणि जेठानंही.

"जेठजी, सुरी खाली करा. वस्तू माही अन् जबान तुमची? जबान पाळाची हाय तं आपल्या घरचं काढून द्या. मी आडवी येणार नाही."

देवसिंगला तिच्याकडं पाहवेना. तो बैलाकडं वळला. "सांग तुह्या मालकिणीले, जेठाशी असं बोलत नसतात."

"मले ऐकू येते, जेठजी. बैलाले कायले मंधात घेता?"

सुरी कमरेला गेली. पुंडलिकराव हळूच म्हणाले, "बाई, टाके राहू द्या. पण तोंड पाहिल्याशिवाय याला नाव देता येणार नाही. वर्णन अर्धं राहील."

"राहू द्या अर्धं. बिननावाचा झाला म्हणून का तो शंख कमी होते? दिसलं तेवढं लिहा. अन् हेही लिहा, का तोंड होतं, पण मालकिणीनं दाखवलं नाही."

ते लिहीतच होते, तेवढ्यात तोरणाकडं डफडं वाजलं. बसंतीबाईनं कासरा धरला आणि पदर पुढं न ओढता चांद्याला घेऊन निघाली. देवसिंग वाटेतच उभा होता. ती थांबली नाही. वाट अरुंद होती, बैल थोराड होता. नायकाला कुडाला चिकटून उभं राहावं लागलं.