मी न लिहिलेला कागद

इबू गेल्या त्याला आता चार महिने होतील. त्यांच्या युनिटमध्ये, म्हणजे माझ्या लगतच्या फ्लॅटमध्ये, युनिव्हर्सिटीत शिकणारी तीन मुलं राहायला आली आहेत. भिंत एकच असल्यामुळे त्यांचं हसणं मला ऐकू येतं. त्यांचा काही दोष नाही.

इबू हे नाव नव्हे. इंडोनेशियात वयानं मोठ्या बाईला तसं म्हणतात. त्याचा अर्थ आई असाही होतो. त्या मला ‘अदिक’ म्हणायच्या, म्हणजे धाकटं भावंड. मी तुम्हाला आई म्हणते आणि तुम्ही मला बहीण म्हणता, हे नातं बसत नाही, असं मी एकदा म्हटलं. त्यावर म्हणाल्या, “लायब्ररीत दिवसभर तेच करतेस ना? बसव कुठल्या तरी कपाटात.”

क्लेटन स्टेशनच्या मागे सहा युनिट्सचा आमचा ब्लॉक आहे. कपडे वाळत घालायची तार सगळ्यांत मिळून एक. आमची ओळख तिथंच झाली. रविवारी सकाळी मी चादरी पिळत असायचे आणि त्या इस्त्रीचा निळा झगा घालून, केसांना तेल लावून, चर्चला निघालेल्या असायच्या.

“तुझं देऊळ कुठल्या वारी?” त्यांनी एकदा विचारलं.

“आम्ही बौद्ध आहोत, इबू. आम्ही देव मानत नाही.”

“मग रविवारी करतेस काय?”

“कपडे धुते.”

त्यांनी तारेवरच्या चादरींकडे पाहिलं. “बरंय मग. देव असता तर एवढे कपडे कधी धुतले असतेस?”

मला नवरा नाही आणि मुलगी तिच्या खोलीत असते, त्यामुळे आमच्या घरात बोलणं कमी. हळूहळू संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे होऊ लागला. त्यांचा मुलगा पश्चिमेला, पर्थच्याही वर, खाणीवर इंजिनियर आहे. तीन आठवडे काम, एक आठवडा घरी. तो आला की इबू चर्चला जात नसत. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. एका रविवारी त्या घरच्याच कपड्यांत तारेपाशी आल्या तेव्हा मी विचारलं, “आज नाही गेलात?” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या खिडकीकडे पाहिलं. मुलगा आत झोपला होता.

त्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळं सांगितलं.

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश, आणि लोक बहुतेक मुसलमान. पण त्यातलं फ्लोरेस हे बेट बरंचसं कॅथलिक आहे. आपल्या वसईला पोर्तुगीज आले तसे तिथंही आले होते. इबू तिथल्या. लहानपणी गावात सगळेच चर्चला जाणारे, त्यामुळे आपण देशात थोडेसेच आहोत हे त्यांना कधी जाणवलंच नाही. मग जावा बेटावरून एक तरुण त्यांच्या गावच्या पोस्टात बदलून आला. तो मुसलमान. त्यांच्या देशात लग्न नोंदवायचं तर दोघांचा धर्म एकच लागतो, निदान कागदावर. दोघांपैकी कुणीतरी बदलायचं होतं. त्याचे वडील हयात होते, यांचे नव्हते. एवढ्यावर ठरलं.

“दोन साक्षीदारांसमोर मी ते कलम्याचं वाक्य म्हटलं,” इबू म्हणाल्या. “मी खोटं बोलले असं मला वाटत नाही, अदिक. देव एकच आहे हे तर मलाही मान्यच होतं. पण मी कुठं गेले नव्हते. मी होते तिथंच होते.”

पुढं जावातल्या एका गावात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं संसार केला; नवरा गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. नवरा चांगला होता. रविवारी सकाळी तो यांना मोटरसायकलवर बसवून शेजारच्या मोठ्या गावी न्यायचा आणि चर्चच्या दोन गल्ल्या आधी, एका बेकरीपाशी सोडायचा. तासाभरानं तिथूनच घ्यायचा. येताना दोघं पाव घेऊन यायची. सासरच्यांना आणि शेजाऱ्यांना वाटायचं, या जोडप्याला त्या बेकरीचा पाव फार आवडतो. “मला तो पाव मुळीच आवडायचा नाही,” इबू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

मग त्यांनी पर्समधून त्यांचं तिकडचं ओळखपत्र काढून दाखवलं. त्यावर धर्माचा रकाना असतो. बोटानं त्यांनी तो दाबून धरला, जणू उडून जाईल. इस्लाम, असं लिहिलेलं होतं.

मला त्यात नवल वाटलं नाही, हे सांगायला हवं. माझ्या वडिलांनी लहानपणीच त्यांच्या वडिलांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशिवाय दुसरं काही नव्हतं. पण वडिलांच्या दाखल्यावर धर्म हिंदू होता, कारण बौद्ध लिहिलं की पुष्कळ वर्षं सवलती मिळत नसत, आणि सवलतीवाचून त्यांचं शिक्षण झालं नसतं. माझ्याही शाळेच्या दाखल्यावर तेच आलं. मी आठवीत असताना रडून विचारलं होतं की आपण खोटं का लिहितो. वडील सायकल पुसत होते. ते म्हणाले, “कागद सरकारचा असतो. घर आपलं असतं. तू घराकडं बघ.” ते वाक्य मी आयुष्यभर वापरलं. त्यानं मला कधी दगा दिला नव्हता.

या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी इबूंना सांगितलं की हृदय फार कमजोर झालं आहे. त्यानंतर आठवड्यानं त्या माझ्याकडे आल्या. चर्चच्या ऑफिसातून त्यांनी एक कागद आणला होता. मृत्यूनंतर आपले विधी कसे व्हावेत, याचा साधाच, एका पानाचा नमुना. त्यांना इंग्रजी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही.

“तू लिही. तुझं अक्षर छान आहे. मी सही करते.”

मी कामावरून नुकतीच आले होते. कुकर लावायचा होता. पण ते काही खरं कारण नव्हे. तो कागद मुलाच्या हाती पडेल तेव्हा त्यावर अक्षर माझं असेल, हे माझ्या मनात आलं. मला त्या दोघांच्या मध्ये यायचं नव्हतं. मी जन्मभर कुणाच्या मध्ये आलेली नाही.

“आत्ता कशाला, इबू? तुम्ही कुठं चाललात?” मी म्हटलं. “मुलालाच सांगा ना एकदा.”

“त्याला सांगता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?”

तेव्हा मी ते वडिलांचं वाक्य त्यांना सांगितलं. वडिलांची सगळी गोष्ट सांगितली. कागदावर काही का असेना, तुम्ही कोण आहात ते तुम्हाला ठाऊक आहे, असं म्हटलं. मी ते फार चांगलं सांगितलं. इबू मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

“बरोबर असेल,” त्या म्हणाल्या. “तू शिकलेली आहेस.”

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

जुलैमध्ये एका सकाळी त्या तारेपाशी पडलेल्या दिसल्या. अॅम्ब्युलन्समध्ये मी बरोबर होते. हॉस्पिटलमधल्या मुलीनं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, “धर्म?” माझ्या तोंडून निघालं, “त्यांचा मुलगा येतोय, त्यालाच विचारा.” तिनं रकाना रिकामा ठेवला. त्यामुळे कुणी फादरला बोलावलं नाही, आणि बोलावता येतं हे माहीत असून मीही बोलावलं नाही. इबूंना बोलता येत नव्हतं. एक डोळा उघडा होता. दुपारच्या आत त्या गेल्या. मी त्यांचा हात धरला होता, पण मी त्यांची प्रार्थना म्हणू शकत नव्हते. मला ती येत नव्हती.

मुलगा संध्याकाळच्या विमानानं आला. वाटेतूनच त्यानं मशिदीतल्या लोकांना फोन केले होते. दुसऱ्या दिवशी दफन ठरलं. सकाळी मी त्याला दारात गाठलं. तो खाणीवरच्याच बुटांत होता.

“तुला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “तुझी आई कॅथलिक होती. तिला चर्चमध्ये...”

त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तिनं लिहून ठेवलंय का, आंटी?”

“नाही.”

तो दारातच पायरीवर बसला. मग म्हणाला, “मला माहीत आहे. सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. एवढा पाव कोण खातं?” तो हसला नाही. “मी घरी असलो की ती जायची नाही, तेही माहीत होतं. मी मुद्दाम उशिरापर्यंत झोपायचो. म्हटलं, जाऊ दे, जाईल. पण ती बसून राहायची.”

“मग निदान आता तरी...”

“जावाहून काका फोनवर आहेत सकाळपासून. त्यांच्यासमोर तिला चर्चमध्ये नेलं तर ते म्हणतील, लग्नच खोटं होतं. बाबा खोटे. मग मी कोण? तिच्या हातचा एक कागद असता ना, तर मी तो त्यांच्यापुढं धरला असता. म्हटलं असतं, तिची मर्जी, मी काय करू? आता म्हटलं तर ते माझं म्हणणं होईल.”

मी त्याला सांगितलं नाही की त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. अजूनही सांगितलेलं नाही. हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

मशिदीशी संबंधित तीन इंडोनेशियन बायकांनी इबूंना अंघोळ घातली. मी येऊ का, असं विचारलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर मायेनं ओढणी टाकली आणि हातात टॉवेल दिला. त्यांचे हात इतके हलके होते की मी पाहत राहिले. एकजण म्हणाली, “फार चांगली बाई होती. नमाजाला तेवढी लाजायची.” दुसरी म्हणाली, “स्वभावच तो.” त्यांना काही माहीत नव्हतं, की सगळं माहीत होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं नाही.

घरी येऊन मी मुलीला त्या कागदाचं सांगितलं. ती इबूंच्या हातचं खाऊनच मोठी झाली होती. ती म्हणाली, “मम, इट वॉज वन पेज.” तिनं दार लावून घेतलं.

दफनभूमीत वारा होता. पुरुष कबरीभोवती, बायका जरा मागे. पायवाटेपलीकडे चर्चच्या गायनातल्या पाच म्हाताऱ्या उभ्या होत्या. मीच त्यांना कळवलं होतं. एवढं एक मी केलं. त्या काळे कोट घालून आल्या होत्या आणि आत यावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. एकीनं फुलं मागे धरली होती. मुलानं त्यांना पाहिलं. तो रांगेतून निघाला, पायवाट ओलांडून त्यांच्याकडे गेला आणि इंग्रजीत म्हणाला, “जवळ या. लांबून दिसत नाही.”

त्या आल्या. कुणी गायलं नाही. इमामांची दुआ चालू होती आणि त्या पाचजणी माना खाली घालून ती पुरी होईपर्यंत थांबल्या. मग माती लोटायला सुरुवात झाली. मुलानं फावडं घेतलं. तेव्हा माझ्या शेजारच्या म्हातारीनं कोटाच्या आत, छातीपाशी, अगदी लहानसा क्रूस रेखला. बोट जेमतेम हललं. मुलाची नजर नेमकी त्याच वेळी वर आली. त्यानं ते पाहिलं, पाठ फिरवली आणि माती टाकत राहिला. बाकीचे पुरुष फावडं मागायला पुढं आले तरी त्यानं ते कुणाला दिलं नाही.

मी दोन्हीकडच्या बायकांच्या मध्ये उभी होते. माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती.