हिरवा बावटा आणि चौथं बटण

आमच्या आईचा रंगभूमीवरचा पहिला प्रयोग मी एका रिमोटने उडवला.

आई तलासरीकडे तीस वर्षं शिक्षिका होती. दर गॅदरिंगला तिने पोरांना राजे केलं, राण्या केलं, झाडंसुद्धा केलं आणि स्वतः मात्र विंगेत वही धरून उभी राहिली. निवृत्तीनंतर डहाणूच्या मैत्रिणींनी नाटक बसवलं आणि तिला चक्क मुख्य भूमिका मिळाली! नरपडच्या एका म्हातारीची. शेवटी मुलाचं ‘येता येत नाही’ असं पत्र वाचून ती एकटीच बोलत बसते, चांगली दोन पानं. त्या दोन पानांपायी महिनाभर आमच्या घरी रोज भाजी करपली. पण आईचा चेहरा असा खुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

दिवे माझ्याकडे आले, कारण मी कचेरीत संगणकावर बसतो (आमच्या घरात एवढी पात्रता पुरते). सामान अच्छाडच्या एका गुजराती डेकोरेटरचं. दिव्यांचा डबा स्टेजवर, रिमोट माझ्या हातात. तो देताना त्याने बजावलं,

“साहेब, एक दाबा एटले सकाळ. दोन एटले संध्याकाळ. तीन एटले काळोख. पण चारला हात नाय लावायचा हां!”

“का? चारला काय आहे?”

“वरात!”

रिमोट समोरूनच चालायचा, म्हणून मी शेवटच्या रांगेत. डोक्यावर पंखा असा खडखडायचा की स्टेजवरचा एक शब्द कानावर येईना. मग बाबा पुढे सरसावले. बाबा रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी कपाटातून दोन बावटे काढले.

“मी विंगेत उभा राहतो. हिरवा दिसला की पुढचं बटण. लाल दिसला की थांबायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही.”

“बाबा, ही काय मालगाडी आहे?”

“मालगाडीचा ड्रायव्हर शिकलेला असतो!”

प्रयोगाला सकाळ वेळेवर झाली, संध्याकाळही झाली. आईने पत्र उघडलं. बोलायला लागली. पहिलं पान संपलं असेल-नसेल, तोच विंगेत हिरवा बावटा हलला! मी तीन दाबलं.

मिट्ट काळोख.

पुढच्या रांगेतल्या एक काकू ओरडल्या, “लाईट गेली गं बाई!” मी घाईघाईने दोन चाचपायला गेलो आणि बोट पडलं चारवर. लाल, हिरवे, निळे, सगळे दिवे म्हातारीच्या झोपडीभोवती गरगर फिरू लागले! बाबा लाल बावटा नाचवत अर्धे स्टेजवर आले (वरातीत तोही शोभून दिसला). आईने पत्र खाली ठेवलं, पदर सावरला आणि पंख्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येत नाही म्हणाला, आणि परस्पर लग्न करून आला वाटतं!”

शोकांतिकेला शिट्ट्या पडल्या. पडदाही पडला.

घरी बाबांनी रीतसर चौकशी लावली.

“बटण का दाबलंस?”

“तुम्ही हिरवा दाखवलात.”

“मी दाखवला नाही!”

“मग काय करत होतात त्याचं?”

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “डोळे पुसत होतो. खिशात रुमाल नव्हता.”

इतका वेळ आई कोपऱ्यात बसून होती. एवढे कष्ट घेतले आणि आपलं दुसरं पान राहूनच गेलं, म्हणून तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ती एकदम उठली.

“अहो, तुम्ही रडलात? माझं बोलणं ऐकून? कुठल्या वाक्याला?”

बाबांनी वाक्य सांगितलं. अगदी शब्दन्‌शब्द! आईने ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मलाही भरून आलं. आता सगळं मिटलं असं वाटत होतं, तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

“आणि तुला रे? तुला कुठलं वाक्य आवडलं?”

“आई,” मी म्हणालो, “नाटकात वाक्यंही होती?”