घंटीचा बॉल

धानोऱ्याजवळच्या शाळेत सरिताबाई खोब्रागडे वीस वर्षं फुकटात ऑलिम्पिक भरवत आल्या. भाला म्हणजे बांबू, नेट म्हणजे मासोळीचं फाटकं जाळं. सामान मागितलं की तालुक्याहून नकाराचं पत्र यायचं. "पत्रफेकीची स्पर्धा ठेवू काय?" बाई विचारायच्या.

यंदा त्यांनी गोलबॉल हा अंधांचा खेळ आणला. जुन्या फुटबॉलात बैलाची घंटी शिवली, पोरांच्या डोळ्यांवर दुपट्टे बांधले. आवाज ऐकून बॉल अडवायचा, बस्स.

ती पत्रं लिहिणारे साहेब पाहणीला आले. "यात काय अवघड आहे?" म्हणाले. बाईंनी लगेच त्यांच्याही डोळ्यांवर दुपट्टा आवळला.

शाळेतली जन्मांध आचल समोरून बॉल टाकणार, एवढ्यात मैदानात कोण शिरलं ते बाईंनी पाहिलं. त्यांना पत्रं आठवली. त्या गप्प राहिल्या.

घंटी वाजली. साहेबांनी अंग झोकून दिलं, हाती लागलं ते कवटाळलं आणि ओरडले, "अडवला!"

"साहेब, सोडा तिले," आचल शांतपणे म्हणाली. "वाजली ते रामाजीभाऊच्या गाईच्या गळ्यातली घंटी होय, गाय लाथ मारते. बॉल तं अजून माह्या हातात हाय."