कात्रीबाईंच्या टेबलावरची बारा पानं

तिला सगळे कात्रीबाई म्हणत. ह्यांच्या विभागात ती बावीस वर्षं टंकलेखिका होती. शिक्षण जेमतेम मॅट्रिक, पण पीएच.डी.ची मुलं ह्यांच्या खोलीबाहेर थांबायचं सोडून तिच्या टेबलाभोवती घुटमळायची. निवृत्तीनंतर तिने झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली, तर मुलं जिना चढून तिथेही पोचली. मला ती कधीच आवडली नाही. का, ते सरळच सांगते: माझा जळफळाट व्हायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, प्राध्यापकाची बायको, घरात तीन कपाटं भरून पुस्तकं. आणि प्रबंधांच्या ऋणनिर्देशात माझं नाव यायचं 'चहापाण्याबद्दल', तिचं मात्र 'दिशा दाखवल्याबद्दल'.

माझ्या भाचीचा संशोधन आराखडा समितीने दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा परत आला असता तर नोंदणीच रद्द. मी म्हटलं, "मी आहे ना!" शिवण-कारखान्यातली नोकरी सोडून जाणाऱ्या बायकांवर तिचं काम होतं. आठवडाभर बसून मी तिची बारा पानं अशी घासूनपुसून दिली, की वाचताना कुठे खडा म्हणून लागू नये.

चार दिवसांनी बहिणीकडून कळलं, भाचीबाई ती पानं घेऊन कात्रीबाईकडे गेल्या आहेत. मी तडक जिना चढले.

माझ्या पानांच्या पट्ट्या झाल्या होत्या. एकेक परिच्छेद कापून टेबलावर मांडलेला. भाची मान खाली घालून उभी.

"या वहिनी," कात्रीबाई म्हणाली, कात्री न थांबवता. मग भाचीकडे वळून, "हं, तुला काय माहीत नाही ते सांग. माहीत आहे ते नको. आणि कागदाकडे बघू नकोस."

"मावशीने लिहिलंय ना, की स्त्रियांच्या श्रमाच्या बदलत्या..."

"मावशीला नाही, तुला विचारतेय."

भाचीने मान वर केली आणि एकदम म्हणाली, "ज्या वर्षी पगार वाढतो त्याच वर्षी त्या का सोडून जातात, तेच मला कळत नाही."

"अगं, मग हे बारा पानांत कुठे आहे? याच्या उपयोगाच्या तेवढ्या पट्ट्या मला दे. बाकीच्या टोपलीत."

भाचीने सात पट्ट्या दिल्या. कोणत्या बायकांना भेटायचं, त्यांना काय विचारायचं, असलं सगळं रोखठोक. नेमक्या त्याच ओळींना मी हात लावला नव्हता. माझ्या वाक्यांनी टोपली भरली.

"आमच्या ह्यांनी कधी अशी कापाकापी केली नाही," मी फणकारले.

"सर कशाला करतील? ते माझ्याकडे पाठवायचे."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच, वहिनी."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण ती साधेपणाने बोलली, तेच जास्त झोंबलं. इतकी वर्षं ह्यांच्या पानाशेजारी जेवले, हे मला एका शब्दाने कळलं नव्हतं. उठून जावंसं वाटलं. पण भाची जुळवत होती त्या पट्ट्या पंख्याखाली जागेवर राहत नव्हत्या. मी डिंकाची बाटली पुढे ओढली आणि चिकटवायला बसले.

"सरळ लावा हं," कात्रीबाई म्हणाली.

"मला सरळच येतं."

आराखडा मंजूर झाला. भाचीचा फोन आला, रडत, हसत. मी तोंडभरून कौतुक केलं. मग जे गिळायला हवं होतं ते विचारलंच, "आधी फोन कोणाला केलास?"

"मावशी, तू पण ना!"

म्हणजे तिलाच.