दाजींनी बसवलेला फॅन

आमच्या ट्रकचं इंजिन गार ठेवणाऱ्या फॅनचं एक पातं तुटलं आणि थेट रेडिएटरमध्ये घुसलं. रेडिएटर शेवगावात दुरुस्त करून मिळाला, पण फॅन नवा घ्यावा लागणार होता. कुठला घ्यायचा, हे घरात मला कुणी विचारलं नाही. खरं तर ट्रक मी चालवतो. आमचा आणि आजूबाजूच्यांचा कांदा नगरच्या मार्केटला मीच नेतो, करंजी घाट दिवसाआड मीच चढतो. पण वडिलांनी फोन लावला तो दाजींना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. शेवगावात त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. माणूस सज्जन, बोलणं मऊ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. हेवा करायला याहून गैरसोयीचा माणूस नाही, कारण नाव ठेवायला कुठे जागाच नाही. ते आले की वडील स्वतः उठून खुर्ची टाकतात आणि आत ओरडून सांगतात, चहा नुसत्या दुधाचा करा. मी दोन खेपा करून आलो की प्रश्न एकच, "डिझेल किती लागलं?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर काही पिकतंय हेच वडिलांना दिसत नव्हतं.

दाजी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "मामा, आता इलेक्ट्रिक बसवू. बेल्टचा फॅन इंजिनासंगं कायम फिरतो. सकाळच्या गारठ्यातबी फिरतो आन इंजिनाची ताकद खातो. ह्यो लागंल तवाच चालू व्हनार. मार्केटच्या रांगंत गाडी नुसती उभी आसली तरी वारा कमी न्हाई पडायचा."

सगळं खरं होतं, म्हणून तर मला राग आला. "आन घाटाचं काय?" मी म्हणालो. "भरली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात चढती. बेल्टच्या फॅनाला इंजिन फिरलं की फिरावंच लागतं. तितं फ्यूज न्हाई, रिले न्हाई, वायर न्हाई."

"तुला नवं काय नकोच आसतं," वडील म्हणाले. झालं, निकाल लागला.

रविवारी दाजी दोन फॅन आणि वायरीचं भेंडोळं घेऊन आले. काम निम्म्यावर असताना आईने त्यांना जेवायला उठवलं. जावई आपल्या दारात उपाशीपोटी गाडीखाली लोळतोय, हे गावाने बघितलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पुरणपोळी, वर दुधाची वाटी आणि 'अजून एक घ्या' असा आग्रह चार वेळा. दाजी पुरते सुस्तावले. तसेच परत गाडीखाली गेले, उरलेल्या वायरी जोडल्या आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून लगबगीने निघाले.

ते गेल्यावर मी इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. फॅन सुरू झाले तसा वर्तमानपत्राचा कागद समोरच्या जाळीला धरला. फॅनने हवा आत ओढायची असते, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. डाव्या बाजूला चिकटला. उजव्या बाजूला उडून माझ्या तोंडावर आला. उजव्या फॅनच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या आणि तो उलटा फिरून गरम हवा बाहेर फेकत होता.

दोन वायरींची अदलाबदल करायची, पाच मिनिटांचं काम. मला इतका आनंद झाला की आज सांगताना लाज वाटते. मी कागदाचा बोळा केला आणि जेवायला गेलो. आईने विचारलं, जमलं का सगळं? म्हटलं, दाजींनी केलंय म्हटल्यावर जमणारच.

दुसऱ्या दिवशी कांदा भरला. वडील म्हणाले, "म्याबी येतो. फॅन कसा चालतो बगू." मला हेच हवं होतं. तिसगाव गेलं, करंजी आलं, तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही, कारण सपाट रस्त्याला समोरून येणारा वाराच पुरतो. वडील खुशीत होते. "बग, आवाज न्हाई काय न्हाई," असं त्यांनी तीनदा तरी म्हटलं असेल. घाटाच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. तेव्हा मी वायरी बदलू शकलो असतो. चहा प्यालो आणि गाडी घाटाला लावली.

अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्याला टेकला. मी आणखी एक वळण चढवलं, वडिलांना नीट दिसावं म्हणून. मग समोरची काच वाफेने भरली तेव्हा गाडी कडेला घेतली आणि चाकांना दगड लावले. वडील खाली उतरून वाफेकडे बघत राहिले. "म्या सांगितलं हुतं, आबा," मी म्हणालो. हे वाक्य म्हणायची संधी मी कित्येक वर्षं शोधत होतो.

वडिलांनी फोन लावला, तसे दाजी मोटरसायकलवर आले. जाळीपाशी वाकले, फॅन चालू करून हात धरून पाहिला आणि उभे राहिले. सबब सांगितली नाही. "मामा, चूक माजी. उजवी वायर उलटी जोडली ग्येली." मग म्हणाले, "आन खरं सांगू का, वायर सरळ आसती तरी भरल्या गाडीला घाटात बेल्टचाच बरा. ह्यांचं बरोबर हुतं."

मी जिंकलो होतो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. बोलण्यात कुठे टोमणा नव्हता, साधं आश्चर्य होतं. "पर पाव्हनं, तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई? मामा दुकानात येऊन बसले की तुमचंच चालू आसतं. म्हनत्यात, आमच्या पोराला एक नट ढिला झाला तरी नुसत्या आवाजावरून कळतं. म्हनून तर म्या परत न तपासता ग्येलो. म्हनलं, चुकलंच तर पाव्हनं धरतील."

वडिलांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. तोंडावर माझं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच न्हाई कळलं का रं?"

कळलं होतं म्हणालो असतो, तर मी कसा माणूस आहे ते दोघांनाही तिथेच समजलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आता गाडीला बेल्टचा फॅन आहे. दाजी म्हणाले म्हणून वडिलांनी तो आणला, आणि बसवलाही दाजींनीच. घाटात काटा मधल्या रेघेच्या वर जात नाही. तरीही खेपेला निघायच्या आदल्या दिवशी वडील शेवगावला फोन लावतात. मी शेजारीच उभा असतो.

"पाव्हनं, जरा येऊन गाडी बगून जा," ते सांगतात. "पोराला न्हाई कळत त्यातलं."