‘अंदाज’ हा शब्द

आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक गेले, त्याला महिना झाला. मुंबईच्या परिषदेआधी ते मीठ पिकवण्यावरचा आपला निबंध शिरोड्याच्या मिठागरावर, तिथल्या बायकांना, ओळीखाली बोट धरून, सावकाश वाचून दाखवत होते. ‘मीठ कधी काढायचं हे बायका अंदाजानं ठरवतात,’ या वाक्याला तिथली एक म्हातारी हसली.

“अंदाज? मास्तरानू, पाण्यात हात घाला, मगे सांगा!”

त्यांनी धोतर खोचलं, दुपारभर तिच्याकडून शिकले आणि ‘अंदाजानं’ खोडून ‘ज्ञानानं’ लिहिलं.

परिषदेत अध्यक्ष म्हणाले, “‘ज्ञान’ काढा, निबंध छापतो.”

“वाक्य आता तिचं आहे. विचारून सांगतो.”

सभागृह हसलं. परतल्यावर ते घरी न जाता, बॅगेसकट मिठागरावर विचारायला गेले.

म्हातारी म्हणाली, “काढू नको.”

निबंध छापला गेला नाही.