साडूंची आठ पायांची भावकी

आख्ख्या पलूस तालुक्यात सख्ख्या भावकीशी बोलायला वेळ नसलेला, पण कोळ्यांच्या भावकीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला म्हणतात नशीब! फौजेतून सुभेदार होऊन घरी आले तेव्हा वाटलं, आता ऊस बघतील, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतील. कसलं काय! गळ्यात भिंग अडकवून न्हाणीघराच्या कोपऱ्यात डोकं घालून बसले. बघायचं काय, तर उष्ण मुलखातले बारके, काडीपायी कोळी. वंश एक, जाती ढीगभर. "आडनाव एकच, पाव्हणं," ते मला समजावतात, "शास्त्रात आडनाव आधी, नाव मागनं. हजेरीवानी." जात ओळखायला नराचे नको ते अवयव भिंगातून बघावे लागतात, हे त्यांनी माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात भर पंगतीत व्याह्यांना सांगितलं. व्याह्यांचा जिलबीचा घास हातातच राहिला. निवडणुकीला उभं राहा म्हणून पुढारी आले, तर त्यांना म्हणाले, "तुमी उड्या मारणाऱ्या कोळ्यातलं. आमचं गडी एका जाळ्यात जन्म काढत्यात." पुढारी चहा न घेता गेले.

या संसारात शत्रू एकच: अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. घट बसायच्या आधी घर धुवायचं, गोधड्या नदीवर न्यायच्या आणि जळमट दिसलं की झाडू, हा तिचा कायदा. त्यात यंदा ती आधीच भडकलेली. लेक परदेशात, पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरनं प्रवास नको सांगितलेला. माहेरी बाळंतपण करायचं म्हणून अक्कानं डिंक-खारीक आणून ठेवली होती, ती तशीच डब्यात.

मी गेलो तेव्हा अक्का स्टुलावर उभी होती, झाडू नेमका देवघराच्या कोपऱ्यावर. खाली साडू हात जोडून. "अगं, थोडं दिस थांब!"

"घटावर जळमट? लोकं शेण घालतील तोंडात!"

झाडूचा वारा लागला तशी तिथल्या जाळ्यातली काडीपायी कोळीण अंगात आल्यागत थरथरायला लागली.

"अंडी हायत तिच्या तोंडात," साडू काकुळतीला आले. "पिलं निघूस्तवर कायबी खात न्हाई ती."

झाडू वरच राहिला.

"उपास व्हय?" अक्का म्हणाली. मग झाडू खाली घेऊन, "पहिलटकरीण हाय का?"

भर पंगतीत शास्त्र सांगणाऱ्या साडूंनी गळ्यातलं भिंग चाचपलं. "ते न्हाई ठावं," एवढंच म्हणाले.

अक्का खाली उतरली आणि पदरानं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ दे. आपल्या पोरीला न्हाई जमलं यायला."

घट बसले. आरतीला आलेल्या शेजारणी त्या कोपऱ्याकडे बघून नाकं मुरडायला लागल्या, तेव्हा अक्कानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला गं. माहेरवाशीण आलीया."